ठकूआत्याचा पाय आणि पेन्शनची कचेरी

बोरजाई नावाच्या गावात सखाहरी नावाचा एक भोळा माणूस राहायचा. भोळा म्हणजे किती? त्याला कुणी म्हणालं, "जरा थांब," की तो थांबायचा. म्हणणारा घरी जाऊन जेवून झोपला, तरी हा आपला तिथंच. गाव त्याला येडा म्हणायचं. मी म्हणत नाही. सांगितलेलं तंतोतंत करणाऱ्याला येडं म्हणायला लागलो, तर सरकारी कचेऱ्यांना काय म्हणायचं? जाऊ दे. गोष्ट ऐका.

सखाहरीला आईबाप नव्हते. त्याला आत्यानं वाढवला. ठकूबाई तिचं नाव. ती मैलकुली होती, म्हणजे रस्त्याचे खड्डे बुजवणारी सरकारी मजूर. सरकारी खड्डा बुजवायला सरकारी टेम्पोतून सरकारी डांबराचं पिंप आलं. ते ठकूआत्याच्या पायावर घरंगळलं. उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. खड्डा तसाच राहिला.

सरकारनं आत्याला घरी बसवलं. म्हणालं, बाई, तुम्ही आता कामाच्या राहिला नाहीत, तुम्हाला पेन्शन देऊ. पुढं एका शिबिरात आत्याला नकली पाय मिळाला. पाय एकच होता, पण तो धरून फोटोत उभे राहणारे डझनभर होते. तो पाय पट्ट्यांनी बांधायचा. घरात, अंगणात फिरायला बरा होता. पण एसटीची पायरी उंच. आणि कचेरीतला दिव्यांगांचा कक्ष दुसऱ्या मजल्यावर. खालच्या मजल्यावर काय? साहेबांच्या गाड्या लावायची जागा. गाडीला जिना चढता येत नाही ना.

पेन्शन मंजूर होती, पण सुरू नव्हती. पाय खरंच गेलाय का, याची पडताळणी राहिली होती. इकडं आत्याचा दीर रोज निरोप पाठवायचा, "वहिनी, घराला कुलूप लावा आणि आमच्याकडं या. गोठ्याशेजारची खोली रिकामी आहे." दिराला वहिनीची माया नव्हती. बसल्या जागी भाकऱ्या थापायला माणूस पाहिजे होतं. पेन्शन आली तर आत्याची चूल राहणार होती, नाही आली तर दिराचा गोठा. सगळी गोष्ट एवढ्यावर अडली होती.

म्हणून आत्या सखाहरीला म्हणाली, "सख्या, तालुक्याला जा. पेन्शनच्या कचेरीत कानडे भाऊसाहेब म्हणून कारकून आहेत. त्यांना विचार, पेन्शन कधी मिळेल."

सखाहरी गेला. जिना चढला. विचारलं, "भाऊसाहेब, पेन्शन कधी मिळेल?"

कानडे म्हणाले, "महिना भरल्यावर. आधी महिना भरायचा, मग पैसे. आगाऊ कुणाला काही द्यायची पद्धत नाही. पण त्याच्याही आधी पडताळणी."

सखाहरीला हे फार पटलं. पाठ करतच तो एसटीत बसला. कंडक्टर आला.

"बोला, तिकीट."

"महिना भरल्यावर."

"काय?"

"आधी महिना भरायचा, मग पैसे. आगाऊ द्यायची पद्धत नाही, मास्तर."

मास्तरनं दोरी ओढली. सखाहरी बोरजाईपर्यंत चालत आला. पायांना फोड आले. आत्यानं सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला.

"अरे माझ्या कर्मा! ते सरकारचं झालं. आपल्याला कुणी मागितलं की मुकाट्यानं काढून द्यायचं. एक शब्द बोलायचा नाही."

"चुकलं आत्या. आता कळलं."

काय कळलं ते बघा. पुढच्या खेपेला आत्यानं त्याला पडताळणीसाठी कार्डं देऊन धाडला. एसटीत तिकिटाचे पैसे त्यानं न बोलता दिले. मास्तर खूश. मग कचेरी. कानडे मान खाली घालून फाइल उलटत होते.

"आधार कार्ड?"

सखाहरीनं दिलं.

"रेशन कार्ड?"

दिलं.

"जरा पेन बघू."

दिलं.

"किती वाजले?"

सखाहरीनं मनगटावरचं घड्याळ सोडून टेबलावर ठेवलं.

"बाहेर ऊन फार आहे का हो?"

सखाहरीनं छत्री दिली.

कानडेंनी सगळ्यावर आवकचा शिक्का मारला. घड्याळावर नीट उमटला नाही, म्हणून परत मारला. आता तुम्ही म्हणाल, भाऊसाहेबांनी विचारायला नको होतं, की बाबा, छत्री कशाला? पण आलेली वस्तू का आली, हे विचारणं त्यांच्या टेबलाकडं नव्हतं. त्यांच्या टेबलाकडं फक्त शिक्का होता. ते म्हणाले, "पुढचं काम दवाखान्यात. बाईंची तपासणी करून दाखला आणा."

सखाहरी मोकळ्या हातांनी घरी आला. आत्या ओरडली, "मेल्या, अस्सल कार्डं देऊन आलास? अरे, अस्सल कधी कुणाच्या हातात द्यायचं असतं का? अस्सल घरी ठेवायचं. सरकारला नक्कल द्यायची!"

"नक्कल म्हणजे गं?"

"खऱ्यासारखं दिसतं, पण खरं नसतं, ते. कळलं?"

"चुकलं आत्या. आता कळलं."

असं म्हणताना त्याची नजर खुंटीवर गेली. खुंटीवर आत्याचा नकली पाय टांगलेला होता.

सकाळी आत्याला जाग आली तेव्हा सखाहरी नव्हता आणि पायही नव्हता. हाका मारून मारून तिचा घसा बसला. चहाचं पातेलं समोर दिसत होतं, पण तिथवर पोचायचं कसं? दुपारपर्यंत बिचारी खाटेवर बसून राहिली.

इकडं एसटीत मास्तरनं सखाहरीच्या मांडीकडं बघितलं.

"हे काय? याचं तिकीट?"

"खोटा आहे, मास्तर. अस्सल घरी ठेवलंय."

मास्तरनं हात जोडले आणि पुढं गेला.

सरकारी दवाखान्यात रांग होती. नंबर आला. डॉक्टर मान खाली घालून लिहीत होते. तालुक्यात सगळेच मान खाली घालून का लिहितात, मला ठाऊक नाही. सखाहरीनं पाय टेबलावर ठेवला.

"नाव?"

"ठकूबाई."

"कुठं दुखतं?"

"कुठंच नाही."

"सूज?"

"नाही."

"मुंग्या येतात?"

"ह्याला? कधीच नाही."

डॉक्टरांनी लिहिलं: पाय उत्तम. मग हाताला काहीतरी गार लागलं, म्हणून वर बघितलं. बघितलं आणि खुर्चीसकट मागं सरकले.

"अरे, हे काय आणलंय? बाई कुठायत?"

"घरी. सरकारला नक्कल द्यायची असते."

"बाहेर हो! हे असलं काही चालायचं नाही. माणूस स्वतः हजर पाहिजे. चालता येत नसेल तर पाठीवर घालून आण, पण माणूस आण! वस्तू आणायची नाही!"

"चुकलं डॉक्टरसाहेब. आता कळलं."

परत येताना त्यानं पाय एसटीच्या वरच्या दांडीला अडकवला. एका खड्ड्यात गाडी आदळली आणि पायाचा पट्टा तुटला. तो खड्डा कुठला, ते तुम्ही ओळखलं असेल.

घरी आत्यानं आधी पाय हिसकावून घेतला, मग सखाहरीला चार शिव्या घातल्या, मग पोटभर रडली. शेवटी डोळे पुसून म्हणाली, "उद्या मीच येते दवाखान्यात. पण त्याआधी तालुक्याच्या बाजारात शिवदासतात्या पायताणं शिवतात ना, त्यांच्याकडनं पट्टा शिवून घेऊ. तेवढं ध्यानात ठेव."

"ठेवलं."

सकाळी आत्यानं ठेवणीतलं लुगडं नेसलं. सखाहरीनं तिला पाठीवर घेतली. एसटीत मास्तरनं स्वतः उठून जागा दिली. उतरल्यावर आत्या पाठीवर बसून सगळा बाजार बघत होती, ओळखीच्यांना रामराम करत होती. किती दिवसांनी घराबाहेर पडली होती! सखाहरीनं तिला शिवदासतात्यांच्या गोणपाटावर नेऊन बसवलं.

"तात्या, पट्टा शिवा."

तात्यांनी आत्याकडं बघितलं. "कशाचा पट्टा?"

"पायाचा."

"पाय कुठाय?"

"घरी. वस्तू आणायची नाही. माणूस स्वतः हजर पाहिजे. ही हजर आहे."

आत्यानं सखाहरीच्या खांद्यावरची पिशवी ओढली. आत भाकरी आणि चटणी. पाय नाही. तात्यांचं हसू दाबता दाबेना. आत्याला हसावं का रडावं कळेना, मग तीही हसली. काय करणार? म्हणाली, "चल मेल्या, आता तशीच ने दवाखान्यात."

डॉक्टरांनी या वेळी वर बघून तपासलं. म्हणाले, "आता पाय घालून चालून दाखवा."

"पाय घरी राहिला."

"मग पाय लावल्यावर किती चालता येतं, ते मी कसं लिहू?"

"डॉक्टरसाहेब, पाय असता तर मी इथं आले असते का?"

डॉक्टरांनी विचार केला. जेवणाची सुटी झाली होती. त्यांनी सही केली.

तिथून कचेरी. दुसरा मजला. सखाहरी आत्याला घेऊन जिना चढला. मध्येच टेकायला लागलं, तर आत्या पदरानं त्याचा घाम पुसायची. कानडेंनी दाखला वाचला आणि शंकेनं विचारलं, "बाई, जिना चढून आलात?"

"पाठीवर बसून आले."

"म्हणजे चढला नाहीत."

"नाही."

"बरं झालं. चढला असतात तर पाय आहे असं धरावं लागलं असतं."

"आणि आलेच नसते तर?"

"तर गैरहजर."

काही असो, काम झालं. साहेबांची सही झाली. पुढचा महिना भरला की पेन्शन गावच्या बँकेत पडणार. कानडेंनी कार्डंही परत दिली. घड्याळ आणि छत्री मात्र अजून फाइलला बांधलेली आहेत म्हणे. निघताना ते सखाहरीला म्हणाले, "एक लक्षात ठेवा. बाईंच्या स्थितीत काहीही बदल झाला, तर त्याच दिवशी लेखी कळवायचं. चांगला बदल असो, वाईट असो. लपवलंत तर आत्यालाच भोगावं लागेल."

आत्याला भोगावं लागेल, हे ऐकून सखाहरी घाबरला. त्यानं ते शब्द पाठ केले. जेवताना म्हणायचा, झोपताना म्हणायचा. बदल झाला, त्याच दिवशी, लेखी.

महिना भरला. शिवदासतात्यांनी पट्टा शिवला होता. आत्यानं पाय बांधला आणि एकटी, काठी टेकत, गावच्या बँकेत गेली. अंगठा लावला. पैसे आले होते. येताना रवा, साखर आणि तूप घेऊन आली. दिराला निरोप धाडला, "भावजी, त्या खोलीत म्हैस बांधा. माझं घर बंद होणार नाही." मग शिरा केला. सखाहरीला वाढला आणि त्याच्या तोंडाकडं बघता बघता तिचे डोळे भरून आले. त्याच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "सख्या, तुझ्यामुळं झालं रे सगळं. आज माझा गेलेला पाय परत आला बघ."

सखाहरीचा घास तसाच राहिला.

"नक्की का आत्या?"

"नक्की रे बाळा."

"कधी आला?"

"हा आत्ता, बँकेतनं निघताना."

"म्हणजे बदल झाला म्हणायचा."

"झाला तर! मोठाच बदल झाला."

सखाहरीनं हात धुतले. वहीचं पान फाडलं. लिहिलं: *माझ्या आत्याचा गेलेला पाय आज परत आला. आत्यानं स्वतः सांगितलं. बदल मोठा आहे.* मग त्याची नक्कल काढली. अस्सल घरी ठेवलं. एसटीत मागायच्या आत तिकिटाचे पैसे काढून दिले. कचेरीत स्वतः हजर झाला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं सगळे धडे जिथले तिथं लावले. एकही चूक झाली नाही.

कानडेंनी कागद वाचला. परत वाचला. गेलेला पाय परत येतो का, हे तपासणं त्यांच्या टेबलाकडं नव्हतं. त्यांनी शिक्का मारला.

"शाबास. असे प्रामाणिक लोक राहिले नाहीत हो."

सखाहरी शीळ घालत घरी आला. कुठं गेला होतास, असं आत्यानं विचारलं, तर म्हणाला, "तुला भोगायला लागू नये म्हणून गेलो होतो." आत्याला वाटलं देवळात गेला असेल.

एरवी कचेरीचं पत्र बोरजाईला यायला पावसाळा उलटतो. हे आठवड्यात आलं. *आपला पाय आपणांस परत मिळाल्यामुळे आपले निवृत्तिवेतन बंद करण्यात येत आहे. तसेच आपण आता कामास योग्य झाल्यामुळे कामावर रुजू होण्याबाबत स्वतंत्र कळवण्यात येईल.* खाली साहेबांची सही.

आत्यानं सखाहरीकडून काय घडलं ते सगळं वदवून घेतलं. मारायला उचललेला हात तिनं आपल्याच कपाळाला लावला. "माझी चूल गेली रे," एवढंच म्हणाली. दिराला बातमी कशी लागली देव जाणे, पण दुसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला, सामान न्यायला टेम्पो कधी पाठवू?

तेव्हा मात्र आत्या पेटली. पाय मुद्दाम खुंटीला टांगला. "बघू दे मेल्यांना, आहे का पाय! चल, घे पाठीवर."

कचेरीत सखाहरीनं तिला कानडेंच्या समोरच्या खुर्चीत बसवलं. आत्यानं लुगड्याचा काठ गुडघ्यापर्यंत सरकवला.

"बघा भाऊसाहेब. दिसतोय का पाय?"

कानडेंनी बघितलं. प्रामाणिकपणे म्हणाले, "नाही."

"मग?"

"पाय नाही, हे मला दिसतंय हो, बाई. मला काय डोळे नाहीत? पण आहे, असं लेखी आलंय. दिसण्यावर कचेरी चालत नाही."

"मग साहेबाला दाखवते!"

"साहेब सही करतात. बघत नाहीत."

आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. कानडेंनाही वाईट वाटलं. माणूस वाईट नव्हता, टेबल वाईट होतं. ते म्हणाले, "एक वाट आहे. ज्यानं लिहून दिलं, त्यानंच आता खुलासा द्यायचा. तो नीट झाला, तर आजच्या आज पेन्शन परत चालू. सखाहरी, इकडं या. विचारीन तेवढंच सांगायचं."

आत्यानं सखाहरीचा हात घट्ट धरला. "सख्या, तुझ्या पाया पडते. नुसतं खरं सांग. दुसरं काही करू नकोस. खरं तेवढं सांग."

"सांगतो आत्या."

कानडेंनी पेन उघडलं. ते सखाहरीचंच होतं.

"तुम्ही लिहिलंत, की पाय परत आला. हे ऐकीव का?"

"हो. आत्या म्हणाली."

"छान," कानडे म्हणाले. आत्याच्या जिवात जीव आला. "म्हणजे तुम्ही स्वतः पाय कधी बघितला नाही."

"बघितलाय की. रोज बघतो."

आत्यानं हात दाबला. सखाहरीला वाटलं, शाबासकी देतेय.

"मग आज का दिसत नाही?"

"घरी ठेवलाय. खुंटीला टांगून."

"विसरलात?"

"छे! मुद्दाम ठेवला. आत्या म्हणाली, बघू दे मेल्यांना."

आत्यानं त्याच्या तोंडावर हात ठेवला. उशीर झाला होता. "अहो, तो खोटा पाय आहे!" ती किंचाळली.

"बाई, खोटा होता तर लिहितानाच सांगायचं. आता शेरा पडला," कानडे म्हणाले, आणि शिक्का मारून त्यांनी शेरा वाचून दाखवला. "पाय घरी सुस्थितीत असल्याची नातेवाइकाकडून खात्री झाली. कचेरीत येताना बाई तो मुद्दाम घरी ठेवतात. सबब पेन्शन बंदच ठेवावी. बाईंनी सोमवारपासून खड्डे बुजवण्याच्या कामावर हजर व्हावे. येताना पाय सोबत आणावा."

सखाहरीनं आत्याला पाठीवर घेतलं आणि जिना उतरायला लागला. आत्या वरनं त्याच्या टाळक्यात हाणत होती आणि रडत होती.

"रडू नको आत्या," सखाहरी म्हणाला. "सोमवारी पाय मी विसरत नाही."